शब्दाला जागलेला पाळक
ख्रिस्ती ऐक्य सप्ताहानिमित्त अभ्यासपाठ



दर वर्षी 18 ते 25 जानेवारी या आठवड्यात जगभरची ख्रिस्तसभा सर्व ख्रिस्ती लोकांच्या ऐक्यासाठी प्रार्थना करते. आपणही करतो. गेल्या खेपेला मिस्सेच्या शेवटी आम्ही लुथरन बांधवांसाठी प्रार्थना सांगितली. बाहेर दारात एका आजीने आम्हाला थांबवले आणि विचारले, "फादर, लुथरन म्हंजे कोण ओ? आपल्या कुडाळात तर कोण नाय."

आजींचा प्रश्न रास्त होता. ज्यांना आपण कधी पाहिले नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना करताना तोंडाने 'आमेन' म्हटले जाते, पण मनात कोणाचा चेहरा उभा राहत नाही. म्हणून यंदा आम्ही ठरवले, की एका लुथरन पाळकाची ओळख आपल्या धर्मग्रामाला करून द्यावी. हा माणूस जर्मनीकडचा, पण त्याची गोष्ट आपल्याला परकी नाही. ती घडली मराठी राजाच्या दरबारात, तंजावरला. त्यांचे नाव ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ.

लुथरन म्हणजे कोण?

थोडी पार्श्वभूमी पाहू. 1517 साली मार्टिन लुथर या ऑगस्टिनियन संघाच्या धर्मगुरूंनी जर्मनीत पापक्षमापत्रांच्या व्यवहाराविरुद्ध 95 प्रबंध मांडले. पुढे वाद वाढला, ख्रिस्तसभा दुभंगली. लुथर यांची शिकवण मानणारे ते लुथरन. त्यांच्यात आणि आपल्यात मतभेद आहेत, ते आम्ही लपवणार नाही. पोप महोदयांचे स्थान आणि संस्कारांची शिकवण हे त्यांतले ठळक. पण एकच प्रभू, एकच बाप्तिस्मा आणि एकच पवित्र शास्त्र आपण दोघेही मानतो.

भारतात लुथरन पाळक प्रथम आले ते 1706 साली. डेन्मार्कच्या राजाने बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुटशाऊ या दोन तरुणांना तरंगंबाडीला पाठवले. तमिळ किनाऱ्यावरचे हे बंदर 1620 पासून डॅनिश लोकांकडे होते, पण भोवतालचा सारा मुलूख तंजावरच्या राज्याचा. आणि तंजावरच्या गादीवर होते आपले भोसले! छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी 1676 च्या सुमारास तेथे मराठी राज्य स्थापन केले, ते पुढे 1855 पर्यंत नावाला का होईना टिकले. आमच्या भागातल्या लोकांना सावंतवाडीचे भोसले ठाऊक आहेत. तंजावरचे भोसले हे वेगळे घराणे, पण त्यांच्याही वाड्यात मराठीच बोलली जात होती.

हे पाळक केवळ उपदेशक नव्हते, लिहिणारेही होते. झीगेनबाल्ग यांनी तमिळ नवा करार 1715 साली छापून पूर्ण केला. दक्षिण भारतातल्या देवदेवतांची माहिती लोकांना विचारून गोळा केली आणि 1713 साली तिचा ग्रंथ लिहिला. जर्मनीतील त्यांच्या वरिष्ठांना हे रुचले नाही. ज्या समजुती दूर करायला पाठवले त्यांचीच माहिती युरोपात कशाला पसरवायची, असे त्यांचे म्हणणे. ग्रंथ पडून राहिला, तो छापला गेला 1867 साली. मिशनऱ्यांची पत्रे आणि रोजनिशा मात्र हाले या गावी 1710 पासून नियमित छापल्या जात. त्या काळच्या दक्षिण भारताचा इतिहास लिहिताना आजचे अभ्यासकही या कागदांकडे वळतात. श्वार्ट्झ यांची पत्रेही त्यांतच आहेत. पाळक आणि बखरकार अशी दोन्ही कामे ही माणसे करत होती.

आईचा नवस

श्वार्ट्झ यांचा जन्म ऑक्टोबर 1726 मध्ये प्रशियातील सोनेनबुर्ग येथे झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. मूल लहान असतानाच आई वारली. मरणापूर्वी तिने पतीला आणि पाळकाला जवळ बोलावून सांगितले, की हे बाळ मी देवाला वाहिले आहे. त्याच्या मनात कधी देवसेवेची ओढ उठली, तर आडवे येऊ नका.

मुलगा हाले येथील विद्यापीठात शिकायला गेला. तेथे मद्रासहून परतलेले एक मिशनरी, बेंजामिन शुल्ट्झे, तमिळ पवित्र शास्त्र छापण्याच्या खटपटीत होते. त्यांना मदत व्हावी म्हणून श्वार्ट्झ तमिळ शिकले. छपाई बाजूला राहिली, पण भारताची हाक त्यांच्या कानी पडली. वडिलांनी दोन-तीन दिवस विचार करून होकार दिला. श्वार्ट्झ यांनी वडिलोपार्जित वाटा भावंडांना सोडला, कोपनहेगनला दीक्षा घेतली आणि 1750 च्या जुलैमध्ये तरंगंबाडीला उतरले. चार महिन्यांत त्यांनी तमिळमधून पहिले प्रवचन दिले. त्यानंतर 48 वर्षे ते जगले, पण मायदेशी एकदाही परतले नाहीत. लग्न केले नाही. तमिळखेरीज पोर्तुगीज, फारसी, हिंदुस्थानी या भाषा आत्मसात केल्या, आणि तंजावरच्या दरबारी लोकांशी बोलता यावे म्हणून मराठीही शिकले.

1762 मध्ये ते तिरुचिरापल्लीला गेले. तेथे इंग्रज फौजेच्या छावणीचे पाळक म्हणूनही काम पाहू लागले. एका जुन्या इमारतीतली छोटी खोली, वरण-भातासारखे साधे जेवण आणि काळ्या रंगात रंगवलेले सुती कपडे, एवढाच त्यांचा संसार. 1778 पासून त्यांनी तंजावरला कायमचा मुक्काम केला.

'त्या पाद्रीला पाठवा'

1779 साली मद्रासच्या इंग्रज सरकारला म्हैसूरच्या हैदरअलीशी बोलणी करायची होती. हैदरचा इंग्रजांवर काडीचा विश्वास नव्हता. त्याने कळवले, की तो पाद्री आला तर बोलू, तो आम्हाला फसवणार नाही. श्वार्ट्झ श्रीरंगपट्टणला गेले आणि हैदरशी दुभाष्याविना बोलले. निघताना त्यांच्या पालखीत प्रवासखर्चाचे 300 रुपये ठेवलेले आढळले. त्यांनी ते परत करण्याचा प्रयत्न केला, जमले नाही. मग ती रक्कम मद्रास सरकारपुढे ठेवली. सरकारने ती त्यांनाच घ्यायला सांगितले, तेव्हा त्यांनी ती तंजावरच्या गरीब मुलांच्या शाळेला लावली.

तह काही टिकला नाही. 1780 मध्ये हैदर कर्नाटक प्रांतात उतरला आणि चार वर्षे युद्ध पेटले. पण त्या युद्धातही हैदरने आपल्या सरदारांना हुकूम दिला होता, की या पाद्रीला कोणी अडवू नये.

याच युद्धात तंजावरच्या किल्ल्यात उपासमार सुरू झाली. धान्य खेड्यांत होते, पण शेतकरी ते आणायला तयार नव्हते. पूर्वी त्यांचे धान्य आणि बैल घेऊन पैसे बुडवले गेले होते. राजाने शब्द दिला, इंग्रजांनी दिला, कोणी हलले नाही. शेवटी श्वार्ट्झ यांना विचारण्यात आले. त्यांनी गावोगावी निरोप धाडला, की पैसे मिळतील याची जबाबदारी माझी. थोड्याच दिवसांत हजार बैल हजर झाले आणि सुमारे 80,000 कलम धान्य किल्ल्यात आले. पै न पै चुकती करण्यात आली. पुढे जुलमाला कंटाळून परागंदा झालेले सुमारे 7,000 शेतकरीही त्यांच्याच शब्दावर परतले.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. राजाकडे खजिना होता, कंपनीकडे तोफा होत्या, या माणसाकडे यांपैकी काहीच नव्हते. चलन होते ते फक्त त्यांच्या शब्दाचे. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू शपथेविषयी जे शिकवतो (मत्तय 5:33-37), ते श्वार्ट्झ यांच्या अंगी इतके भिनले होते, की शेतकऱ्याने त्यांच्याकडे तारण मागितले नाही.

कुंपण नसलेली बाग

आता या गोष्टीचा गाभा. तंजावरचा राजा तुळजाजी याला मूल उरले नव्हते. 1787 मध्ये मरणाच्या दारात असताना त्याने भोसले कुळातला दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. त्याचे नाव सरफोजी. राजाने श्वार्ट्झ यांना बोलावून मुलाचा हात त्यांच्या हाती दिला आणि सांगितले, की आता याचा सांभाळ तुम्ही करा.

श्वार्ट्झ यांनी एकदम होकार दिला नाही. आपण परके, पाठीशी सत्ता नाही, आपल्या हाती मूल म्हणजे कुंपण नसलेली बाग, असे त्यांनी बोलून दाखवले. राजाचा सावत्र भाऊ अमरसिंह याच्याकडे कारभार द्यावा, असा सल्ला दिला. सल्ला सरळ मनाचा होता, पण चुकला. थोड्याच काळात दत्तकविधान अवैध असल्याचा निवाडा पंडितांकडून मिळवला गेला, कंपनीने तो मान्य केला आणि अमरसिंह स्वतःच गादीवर बसला. मुलाची रवानगी एका अंधाऱ्या खोलीत झाली. शिक्षण नाही, मोकळी हवा नाही. चरित्रकार लिहितात, की श्वार्ट्झ भेटायला गेले तेव्हा त्या पोराने त्यांना विचारले, तुमच्या देशातही मुलांना सूर्य-चंद्र दिसू देत नाहीत का?

या प्रश्नाने तो म्हातारा पाळक हलला. त्यांनी मद्रासला पत्रांमागून पत्रे लिहिली. मुलाला बाहेर काढले. 1793 मध्ये त्याला मद्रासला हलवून विल्हेल्म गेरिके या दुसऱ्या लुथरन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिक्षणाची सोय केली. जुन्या निवाड्याची फेरतपासणी व्हावी म्हणून पाठपुरावा केला. अखेर दत्तक वैध ठरला. 1798 च्या जूनमध्ये सरफोजी गादीवर बसला. तो दिवस पाहायला श्वार्ट्झ नव्हते. त्याच वर्षी 13 फेब्रुवारीला त्यांनी देह ठेवला होता. शेवटच्या आजारात सरफोजी त्यांना भेटायला आला होता, आणि दफनाच्या वेळी तो रडत कबरीपर्यंत चालत गेला.

जे त्यांनी केले नाही

बंधू-भगिनींनो, श्वार्ट्झ यांनी काय केले हे आपण पाहिले. आता काय केले नाही ते पाहू, कारण आमच्या मते तेच अधिक मोठे आहे.

तो मुलगा त्यांच्या हाती होता. बापाविना, मित्राविना, एका माणसावर पूर्ण विसंबलेला. श्वार्ट्झ हे मिशनरी. राजपुत्राने बाप्तिस्मा घेतला असता तर युरोपभर घंटा वाजल्या असत्या. त्यांनी त्याला देवाविषयी आणि ख्रिस्ताविषयी मोकळेपणी सांगितले, मरणशय्येवरही सांगितले. पण त्याच्या असहायतेचा फायदा कधी घेतला नाही. 1785 च्या सुमारास त्यांनी तंजावर, रामनाथपुरम व शिवगंगा येथे शाळा काढण्यास हातभार लावला. तेथेही त्यांचा दंडक हाच, की मुलांना फसवून आपल्या धर्मात ओढायचे नाही.

आणि उलट बाजूही पाहा. तंजावरची एक मराठी ब्राह्मण विधवा त्यांच्याकडे बाप्तिस्मा मागायला आली. ती एका इंग्रज अधिकाऱ्याबरोबर लग्नाविना राहत होती, म्हणून त्यांनी प्रथम नकार दिला. संख्या वाढवायची असती तर हो म्हणणे सोपे होते. तो अधिकारी वारल्यानंतर, 1778 मध्ये पाळयंकोट्टई येथे त्यांनी तिला बाप्तिस्मा दिला. क्लोरिंडा या नावाने ती ओळखली जाते. तिने बांधलेले देऊळ 1785 मध्ये पूर्ण झाले, आणि तिरुनेलवेली भागातील मोठ्या ख्रिस्ती समाजाची सुरुवात तिच्यापासून झाली. जिने स्वतःहून मागितले तिलाही थांबवून ठेवणारा हा माणूस. जो मागत नव्हता त्या मुलावर त्याने दबाव आणला नाही, यात नवल ते काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला इमॅन्युएल कांट अभ्यासाला होता. तोही प्रशियाचाच, श्वार्ट्झ यांच्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि त्यांच्यासारख्याच भक्तिपर लुथरन वातावरणात वाढलेला. 1785 च्या ग्रंथात त्याने मांडले, की माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे. परीक्षेसाठी आम्ही हे वाक्य पाठ केले होते. त्याचा अर्थ आम्हाला तंजावरच्या या गोष्टीत कळला. कांट आपल्या प्रांताबाहेर फारसा गेला नाही, आणि त्याच वर्षांत त्याचा एक देशबांधव हजारो मैलांवर, त्याचे पुस्तक न वाचता, तेच जगत होता.

सरफोजी शेवटपर्यंत हिंदूच राहिला. 1820 ते 1822 या काळात त्याने काशीयात्रा केली. मग श्वार्ट्झ यांचे कष्ट वाया गेले का? तंजावरला जाऊन पाहा. सरस्वती महाल ग्रंथालय त्याने वाढवले, हजारो हस्तलिखिते जमवली. धन्वंतरी महाल काढून औषधोपचाराची सोय केली. देवनागरी छापखाना घातला. तेथून छापलेले 'बालबोध मुक्तावली' हे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक आपल्या भाषेतल्या अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी एक. आणि 1803 मध्ये त्याने बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास मराठीतून दगडावर कोरवून घेतला. इतका लांब मराठी शिलालेख दुसरीकडे शोधून सापडायचा नाही.

त्याच राजाने 1801 मध्ये इंग्लंडला लिहून आपल्या गुरूसाठी संगमरवरी स्मारक मागवले. जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराने ते घडवले. मरणशय्येवर श्वार्ट्झ आहेत आणि पगडी घातलेला तरुण राजा त्यांचा हात धरून उभा आहे. तंजावरच्या चर्चमध्ये ते आजही आहे. श्वार्ट्झ यांच्या कबरीवरच्या इंग्रजी ओळीही सरफोजीने स्वतः रचल्या.

उणिवाही सांगायला हव्यात

संतचरित्र लिहिताना उणिवा झाकण्याची सवय आपल्याला आहे. येथे तसे करू नये. श्वार्ट्झ कंपनीच्या फौजेचे पाळक होते आणि तिचे काम करत होते. हैदरकडे ते शांतीचा निरोप घेऊन गेले, पण त्यांना पाठवणारे सरकार त्या निरोपाला जागले नाही. कंपनीच्या हेतूंवर त्यांनी जेवढा भरवसा ठेवला, तेवढा इतिहासाने खरा ठरवला नाही. सरफोजी गादीवर आल्यावर सव्वा वर्षात, ऑक्टोबर 1799 मध्ये, कंपनीने तहाने राज्याचा कारभार आपल्याकडे घेतला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला आणि तनखा. शिवाय चर्चमध्ये जातीप्रमाणे वेगवेगळे बसण्याची रीत श्वार्ट्झ यांनी मोडली नाही. त्याची कटू फळे त्यांच्या मंडळीला पुढच्या शतकात चाखावी लागली. हे वाचून आपण बोट दाखवू नये. आपल्या कोकण-गोव्याच्या देवळांतून बसण्याचे आणि मिरवणुकीचे मान कसे वाटले जात होते, हे आपल्या वाडवडिलांना चांगले माहीत होते.

आपल्यासाठी बोध

श्वार्ट्झ यांच्या काळी लुथरन आणि कॅथलिक एकमेकांना पाण्यात पाहत. तमिळनाडूतले आपले जेज्वीट धर्मगुरू बेस्की हे थोर तमिळ पंडित, पण त्यांनीही तरंगंबाडीच्या पाळकांविरुद्ध जहाल पुस्तक लिहिले, आणि त्यांनीही उत्तरे दिली. आज पाणी पुष्कळ वाहून गेले आहे. 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ऐक्यावरील आदेश दिला. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबुर्ग येथे, देवकृपेने माणूस नीतिमान ठरतो या शिकवणीच्या मूलभूत सत्यांवर आपण आणि लुथरन जागतिक संघ यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस स्वीडनमध्ये लुंड येथे लुथरन बांधवांबरोबर प्रार्थनेला उभे राहिले.

पण आमच्या मनात दुसरी एक गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी जूनच्या पावसात एक हिंदू शेतकरी आपल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आला होता. मुलाचे डोके पुसत तो म्हणाला, "फादर, झिलाक तुमच्या हातात दिलंय. आता तुमीच बघा." त्याने कागद मागितला नाही, हमी मागितली नाही. आपल्याकडच्या ख्रिस्ती शाळांतून, दवाखान्यांतून, वसतिगृहांतून असे कितीतरी आईबाप आपले मूल, आपले दुखणे आपल्या हाती सोपवतात. तो तुळजाजीचाच हात आहे. आज आपल्याकडे संशयाने पाहणारेही आहेत. त्यांना भाषणाने उत्तर देता येत नाही. त्यांना उत्तर त्या मुलाचे आयुष्य देईल. आपल्या हातून तो शहाणा होऊन, ताठ मानेने, स्वतःच्या मनाने घरी गेला, तर तीच आपली साक्ष.

म्हणून आजी, आता तुम्हाला उत्तर देतो. आपल्या कुडाळात लुथरन कोणी नाही हे खरे. पण ज्याच्या शब्दावर शेतकऱ्याने बैल जोडले, तो माणूस लुथरन होता. यंदा प्रार्थनेत त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणा.

घरी आणि छोट्या समूहात विचार करण्यासाठी

1. आपल्या शब्दावर, कागदावाचून, कोणी शेजारी पैसे किंवा मूल सोपवील का? नसेल तर कशामुळे?
2. अडचणीत असलेल्या माणसाला मदत करताना त्याच्याकडून आपण मनात काही अपेक्षा धरतो का?
3. अमरसिंहाविषयीचा सल्ला चुकला तेव्हा श्वार्ट्झ यांनी हात झटकले नाहीत. आपल्या चुकीच्या सल्ल्याने कोणाचे नुकसान झाले असेल, तर आपण काय केले?
4. योहानकृत शुभवर्तमान, अध्याय 17 कुटुंबात एकत्र वाचावा आणि एका अन्य ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबासाठी नाव घेऊन प्रार्थना करावी.

प्रभू आपणा सर्वांना शब्दाला जागण्याचे बळ देवो.

आपले धर्मगुरू